काचेखालचा गंधार

फास्ट लोकल ज्या स्टेशनात थांबत नाही, तिथल्या फलाटावर उभं राहून तिचा भोंगा नीट ऐकावा. ठाण्याहून सुटलेली गाडी नाहूरमधून ताशी ८० किलोमीटरने निघून जात असेल, तर येताना भोंग्याचा जो सूर लागतो तो गाडी पुढे सरकताच एका पूर्ण स्वराहून थोडा जास्तच उतरतो. येतानाचा सूर सा धरला, तर जातानाचा कोमल निषादाच्याही किंचित खाली जातो. या उतरण्यात पायरी कुठेच नसते.

गिटारच्या दांडीवर मात्र नुसत्या पायऱ्या. दर फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला, अर्धा स्वर, मधला रस्ता बंद. स्लाइड, म्हणजे बोटात घातलेली काचेची किंवा धातूची नळी, ही त्या जिन्यावर टाकलेली फळी. फ्रेट खाली तसेच राहतात, पण तार त्यांना टेकत नाही. नळी जिथे तारेला शिवते तिथे सूर.

ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातल्या स्लाइडची जी जुनी लेखी नोंद सगळे सांगतात, तीही रेल्वे स्टेशनातलीच आहे. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवाइलर गावात गाडीची वाट बघत बसलेल्या डब्ल्यू. सी. हँडी या बँडमास्तराने एका माणसाला गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवताना ऐकलं. तो माणूस गात होता तेही दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात त्या जागेबद्दल. हँडीने हे १९४१ साली आत्मचरित्रात लिहिलं. त्याआधी हवाई बेटांत गिटार मांडीवर आडवी ठेवून पोलादी तुकड्याने वाजवायची पद्धत रुळली होती. तिचं श्रेय जोसेफ केकुकूला देतात. आणि मिसिसिपीत घराच्या भिंतीला एकच तार ठोकून, खाली बाटली अडकवून, दुसऱ्या बाटलीने ती वाजवणारी पोरं होती. ब्लूजची स्लाइड या दोन्हींपैकी कुणाचं लेकरू, यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. कानाला दोन्ही आयांचे गुण दिसतात.

आपल्याकडे हवाईयन गिटार आली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात स्थिरावली. पुढे ब्रिजभूषण काबरांनी ती मांडीवर घेऊन राग वाजवले. विश्वमोहन भट्टांनी तिची मोहनवीणा केली आणि राय कूडर या अमेरिकी गिटारवादकाबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेला १९९४ साली ग्रॅमी मिळालं. विचित्रवीणेवर काचेचा गुळगुळीत बट्टा तर त्याही आधीपासून फिरतो आहे. तेव्हा मराठी कानाला सरकता सूर नवा नाही. मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात न तुटता सरकणं, हा शब्द ज्याला माहीत आहे त्याला स्लाइडचं निम्मं व्याकरण येतं. (हार्मोनियमवर मींड निघत नाही, या तक्रारीपायी आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती. गिटारवर कुणी तशी बंदी घातली नाही, हे आपलं नशीब.)

उरलेलं निम्मं व्याकरण अवघड आहे, आणि ते सरकण्याचं नाही. ते नको असलेले आवाज बंद करण्याचं आहे. त्याकडे येण्याआधी नळी बघू.

दुकानातली स्लाइड चांगलीच असते, पण ठाण्यात राहणाऱ्याला ती विकत घेण्याची सक्ती नाही. वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात रेलिंग आणि ग्रिलचं काम करणाऱ्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडे स्टेनलेस स्टीलच्या पाइपचे तुकडे पडलेले असतात. भाषा त्यांची वापरावी: ‘सोळा गेज, सात सूत, तुकडा पासष्ट मिलिमीटर’. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सात सुती पाइप बाहेरून २२ मिलिमीटर, आणि सोळा गेजची जाडी दीडएक मिलिमीटर, म्हणजे आतून सुमारे १९, अनामिकेला बेताचा. करंगळीसाठी सहा सुती घ्यावा, तो आतून १६ भरतो. सात सुती तुकड्याचं वजन ५० ग्रॅमच्या आसपास येतं, ते गिटारला चांगलं. कापलेल्या कडेला कुसं राहतात. ती आतून आणि बाहेरून कानशीने काढून पॉलिश पेपरने गोल केल्याशिवाय बोट आत घालू नये. पाइपला लांबीत वेल्डिंगची बारीक शिवण असते. ती तारेवर आली तर खरखर होते. शिवण तळहाताकडे वळवली की प्रश्न मिटतो.

गॅरेजमधली गोटी, म्हणजे गोटी पान्याचं लांब सॉकेट, हाही जुना उपाय. अमेरिकेत लोवेल जॉर्ज हा गिटारवादक अकरा-सोळांश इंची गोटीने वाजवायचा; आपल्या मापात ती साडेसतरा मिलिमीटरची. गोटी जड असते. जडपणाचा फायदा असा की तार दाबावी लागत नाही, नुसतं वजन ठेवलं तरी सूर स्वच्छ निघतो आणि लांब टिकतो. तोटा असा की चुकून फ्रेटवर आदळली तर सगळ्या मजल्याला कळतं.

काच हलकी. त्याच मापाच्या पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी कमी वजनाची. सूर मऊ, सुरुवातीचा टणत्कार कमी. गिटारवादक डुएन ऑलमनची स्लाइड म्हणजे सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली होती. वाइनच्या बाटलीची मान सरळ असेल तरच कापावी. बिअरच्या बाटलीची मान निमुळती, ती सगळ्या तारांवर एकसारखी बसत नाही. कापताना काचकटरची रेघ एकदाच ओढायची. दुसऱ्यांदा त्याच रेघेवरून कटर फिरवला की तडा वाकडा जातो, आणि बहुतेक बाटल्या इथेच वाया जातात. रेघेवर आधी गरम पाणी, मग थंड, पुन्हा गरम. दोन-चार फेऱ्यांत मान सुटते. मग कड घासायची ती पाण्यात बुडवून, १२० पासून ६०० नंबरपर्यंतच्या वॉटर पेपरवर. कोरडी घासू नये, काचेची भुकटी छातीत जाते. चष्मा हवाच.

पितळ या दोघांच्या मधलं नाही, दोघांच्या पलीकडचं. तीन मिलिमीटर जाडीची पितळी नळी शंभर ग्रॅमच्या वर जाते. रेझोनेटर गिटारला, म्हणजे १९२७ सालापासून नॅशनल कंपनीने आणलेल्या ॲल्युमिनियमच्या शंकूवाल्या धातूच्या गिटारला, ती शोभते. साध्या लाकडी डब्याच्या गिटारवर मला ती आडदांड वाटते.

नळी कुठल्या बोटात? करंगळीत घातली तर उरलेली तीन बोटं फ्रेटवर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, धरायला मोकळी. अनामिकेत घातली तर ताबा जास्त. मी नवख्याला करंगळी सांगेन, फक्त एका कारणाने: तीन बोटं नळीच्या मागे राहतात, आणि त्या तिघांचं काम आता येतंच आहे.

नळी तारेवर ठेवली की तारेचे दोन तुकडे होतात. नळीपासून ब्रिजपर्यंतचा, म्हणजे डब्यावर तारा अडकवलेल्या असतात तिथपर्यंतचा, तुकडा आपल्याला हवा. नळीपासून नटपर्यंतचा, म्हणजे खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीपर्यंतचा, तुकडाही थरथरतो, कुणी सांगितलेलं नसताना. बाराव्या फ्रेटवर दोन्ही तुकडे सारखे, म्हणून दोन्हींचा सूर एकच. सातव्या फ्रेटवर मागचा तुकडा पुढच्याच्या निम्मा, म्हणून त्याचा सूर वरच्या सप्तकात. पाचव्यावर तो एक तृतीयांश, म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. हे तिन्ही गोड लागतात. आणि नवखा माणूस नेमका पाच, सात आणि बारावरच वाजवत असतो, कारण ब्लूजच्या तीन कॉर्ड तिथेच आहेत. त्यामुळे महिनाभर त्याला वाटतं की आपलं छान चाललंय. मग तो तिसऱ्या फ्रेटवर जातो आणि कुठूनतरी बेसूर शिट्टी ऐकू येते.

सरकताना तर आणखी गंमत. नळी वर गेली की पुढचा तुकडा आखूड होतो आणि सूर चढतो. त्याच वेळी मागचा तुकडा लांबतो आणि त्याचा सूर उतरतो. एक चढणारा, एक उतरणारा, दोन्ही एकाच तारेतून. स्लाइडचा आवाज ‘घाणेरडा’ येतो, ‘मांजरासारखा’ येतो, अशी तक्रार असते तिचं कारण बहुतेक वेळा हात नसतो, हा मागचा तुकडा असतो.

उपाय सोपा, अंगवळणी पडायला मात्र दोन-तीन महिने. नळीच्या मागची बोटं तारांवर अलगद टेकवून नळीबरोबर ओढत न्यायची. दाबायची नाहीत, नुसती टेकवायची. गरम तव्यावरची भाकरी उलटायच्या आधी बोटांनी चाचपतात तशी. तर्जनी सहाही तारांवर आडवी पडली पाहिजे. तपासायची रीत: नळी नवव्या फ्रेटवर ठेवावी, उजव्या हाताने तार नळीच्या मागे, नटच्या बाजूला छेडावी. ठक असा मेलेला आवाज आला तर बोटं बरोबर. टिंग आलं तर नाहीत.

उजव्या हाताचं काम तितकंच. पिक, म्हणजे तार छेडायची चिपटी, असेल तर ठेवून द्यावं. अंगठा जाड तारांवर पडून राहतो, तर्जनी आणि मधलं बोट वाजवतात, अनामिका पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक, तारेवर टेकते. ज्या तारेचा सूर हवा तिच्यावरचं बोट उठतं, वाजवतं आणि पुन्हा तिथेच येऊन बसतं. आणि क्रम विसरायचा नाही: आधी उजव्या हाताने तार थांबवायची, नंतर नळी उचलायची. उलट केलं की उघडी तार टणकन वाजते.

जागेबद्दल एकच सूचना. बोटाने वाजवताना आपण दोन फ्रेटांच्या मधे दाबतो. नळी थेट फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर, तिला समांतर, यावी लागते. वरून बघताना डोळा फसतो, कारण आपण तिरके बघत असतो आणि नळीच्या जाडीमुळे तिची तारेला शिवणारी रेघ दिसतच नाही. म्हणून मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावून कानाने जागा शोधावी. ओपन ट्यूनिंग म्हणजे नुसत्या उघड्या तारा छेडल्या तरी कॉर्ड वाजावी अशी जुळणी; ओपन डीला पांढरी दोन, ओपन जीला पांढरी पाच.

ट्यूनिंगचं गणित आपल्या स्वरांत फार लवकर उलगडतं. ओपन डीमध्ये जाड तारेपासून बारीक तारेकडे सा, प, सा, ग, प, सा. नेहमीच्या ट्यूनिंगमधून इथे यायला सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक स्वर उतरवायची, तिसरी अर्धा स्वर. पाचवी आणि चौथी जागच्या जागी. ओपन जीमध्ये प, सा, प, सा, ग, प. त्यासाठी सहावी, पाचवी आणि पहिली एकेक स्वर खाली. फरक सगळा पहिल्या तारेत आहे. डीमध्ये वरची तार षड्जाची, म्हणून चाल बाराव्या फ्रेटभोवती फिरते. एल्मोर जेम्स या ब्लूजवाल्याचा १९५१ सालचा ‘डस्ट माय ब्रूम’मधला गाजलेला तुकडा तिथलाच. जीमध्ये वरची तार पंचमाची, षड्ज पाचव्या फ्रेटवर सापडतो. गाणाऱ्याला जी सोयीचं, ओरडणाऱ्याला डी, असं मी म्हणेन.

ओपन ई म्हणजे डीच, एक स्वर वर. पण त्यासाठी पाचवी आणि चौथी तार एकेक स्वर चढवावी लागते, आणि एक स्वर चढवला की तारेचा ताण २६ टक्क्यांनी वाढतो. हलक्या अकूस्टिक डब्यावर हे करू नये. ओपन डी लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावावा, तेच स्वर मिळतात.

तारा जाड घ्याव्यात, अकूस्टिकवर १३ ते ५६ चा संच (आकडे इंचाच्या हजाराव्या भागांचे). उतरवलेल्या बारीक तारा नळीखाली लोंबतात आणि फ्रेटला लागतात. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पहिल्या तारेला अडीच ते तीन मिलिमीटर, सहाव्याला तीनच्या थोडी वर. इतकी उंची ठेवली की बोटांनी कॉर्ड धरणं जिवावर येतं, हे खरं. ज्याच्याकडे एकच गिटार आहे त्याने मधली तडजोड करावी आणि हलकी काच वापरावी.

आता गंधार. ब्लूजचे मूळ पाच स्वर सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे आपला धानी, एक श्रुतीही इकडेतिकडे न करता लिहून काढला तर. पण ब्लूज गाणारा तो कोमल गंधार कोमल ठेवत नाही. तो त्याला शुद्धाकडे ढकलतो आणि पोचू देत नाही. खालची कॉर्ड शुद्ध गंधाराची असते, वरचा गळा कोमल गंधाराचा, आणि दोघांच्या घर्षणातून जे निघतं त्याला ब्लूज म्हणतात. राग जोगमध्ये दोन्ही गंधार आहेत, शुद्ध चढताना आणि कोमल उतरताना. तिथे दोघांची वाट वेगळी ठेवली आहे. ब्लूजमध्ये दोघे एकाच दारात अडकतात.

मोजायचंच तर ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर तिसऱ्या आणि चौथ्या फ्रेटमध्ये साधारण ३१ मिलिमीटर अंतर असतं. ओपन डीमध्ये पहिल्या तारेवर तिसरा फ्रेट कोमल ग, चौथा शुद्ध. ब्लूजचा गंधार तिसऱ्याच्या पुढे पाच ते पंधरा मिलिमीटर कुठेही असू शकतो, आणि तो तिथे थांबत नाही, हळूहळू चढतो. तानपुरा लावून या तीन सेंटिमीटरमध्ये रोज दहा मिनिटं घालवावीत. बाकीचा सगळा दांडा नंतर. याच तिसऱ्या फ्रेटवर दुसऱ्या तारेवर कोमल निषाद मिळतो, म्हणजे या एका जागेवर ब्लूजचं निम्मं दुःख हाताशी आहे.

बारा बारची चौकट मोजायला आपल्याला वेगळं शिकावं लागत नाही. बारा बार, दर बारला चार ठोके, एकूण ४८: त्रितालाची तीन आवर्तनं. शब्दांच्या ओळीही तीनच असतात, पहिली दोनदा आणि तिसरी वेगळी, दर ओळीला एक आवर्तन. पहिल्या आवर्तनात चारही बार षड्जाची कॉर्ड, उघड्या तारा. दुसऱ्यात दोन बार मध्यम, पाचवा फ्रेट, आणि दोन पुन्हा षड्ज. तिसऱ्यात एक बार पंचम, सातवा फ्रेट, एक बार मध्यम, उरलेले दोन षड्ज. फक्त ठोका दोनात मोडत नाही, तीनात मोडतो, आणि त्यातला मधला गिळायचा. चालण्यात किंचित लंगडेपणा हवा. गाणारा अर्धं आवर्तन गातो, उरलेल्या अर्ध्यात स्लाइड उत्तर देते. सवाल-जवाब, पण इथे सवाल करणारा आणि जवाब देणारा एकच.

कंपन, म्हणजे व्हायब्राटो, फ्रेटच्या दोन्ही बाजूंना सारखं हवं. सातव्या फ्रेटवर इकडे चार मिलिमीटर, तिकडे चार. नवखा फक्त मागे जातो, त्यामुळे सूर कायम उतरलेला वाटतो. आणि सूर लागल्याबरोबर हलवायला सुरुवात करू नये. आधी सूर स्थिर, मग कंपन. गळ्यातही असंच असतं.

युकुलेलेकडे लोक गंमत म्हणून वळतात. माझ्या मते स्लाइडचा खरा कडक मास्तर तोच. १८७९ साली मदेरा बेटावरून होनोलुलूला गेलेल्या पोर्तुगीज मजुरांच्या छोट्या गिटारीपासून तो हवाईत घडला. म्हणजे स्लाइड आणि युकुलेले एकाच बेटावरचे, तरी दोघांचं जमत नाही. तारा नायलॉनच्या किंवा फ्लोरोकार्बनच्या, ढिल्या; सूर सेकंद-दीड सेकंदात विरतो. गिटारची ५० ग्रॅमची नळी इथे ठेवली की तार थेट फ्रेटवर जाऊन आपटते.

म्हणून नळी १५ ते २५ ग्रॅमची, पातळ काचेची, लांबी ४५ मिलिमीटर पुरे. युकुलेलेच्या चारच तारा, रुंद नळी नुसती ओझं. तार उचलायची असेल तर पनीर टिक्क्याची तीन मिलिमीटर जाडीची बांबूची काडी कापून नटला चिकटून ताराखाली सरकवावी. तारा नटजवळ दीडेक मिलिमीटर वर येतात. तार तेवढीच आखूडही होते, म्हणून पुन्हा सुरात लावून घ्यायची. काम झालं की काडी काढली, युकुलेले पूर्ववत.

नेहमीचं जी-सी-ई-ए ट्यूनिंग तसंच ठेवून नळी फिरवली तर समुद्रकिनारा आणि नारळाची झाडं ऐकू येतात, कारण त्या चार तारांत धैवत आहे. सगळ्या हवाईयन गोडव्याचं मूळ तो धैवत. ब्लूज हवा तर पहिली तार ए वरून जीवर उतरवायची: प, सा, ग, प. यात दोन अडचणी. एक, आधीच ढिली असलेली तार आणखी एकवीस टक्के ढिली होते. दोन, युकुलेलेची चौथी तार जाड नसते, ती वरच्याच सप्तकातला जी असते. आता पहिली आणि चौथी एकाच सुरात आल्या. त्या एक केसही इकडेतिकडे असल्या तर लाटा उठतात.

दुसऱ्या अडचणीवर उपाय, चौथी तार खर्जातल्या जीची घ्यायची. गुंडाळलेली नको, नळीखाली करकरते. फ्लोरोकार्बनची साधी मिळते. अशी तार लावली की जी-सी-ई-जी हे स्वर ओपन जी गिटारच्या वरच्या चार तारा पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून वाजवल्यावर येतात तेच होतात, सप्तकासकट तेच. गिटारवर शिकलेलं सगळं जसंच्या तसं इथे येतं. पहिल्या अडचणीवर उपाय थोडा उलटा आहे: पहिली तार उतरवण्याऐवजी बाकीच्या तीन एकेक स्वर चढवायच्या. ए-डी-एफ शार्प-ए. सोप्रानो आणि कॉन्सर्ट मापाच्या युकुलेलेला हे झेपतं. सोप्रानोवर तर जुन्या काळी तीन तारा याच उंचीवर लावत. टेनर या त्यांच्याहून मोठ्या मापावर करू नये.

आणि मापाचा धाक बघा. गिटारच्या बाराव्या फ्रेटजवळ अर्धा स्वर १९ मिलिमीटरचा, कॉन्सर्ट युकुलेलेवर ११ चा. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर एक मिलिमीटर चूक गिटारवर पाच भागांची, इथे नवाची. पाच भाग कानाआड होतात, नऊ होत नाहीत. शिवाय सूर टिकत नाही, म्हणून चुकीच्या जागी पोचून मग सावरायला वेळ नाही. नळी पोचेल तेव्हा बरोबरच पोचावी लागते. सूर लवकर विरतो, म्हणून लांब मींड घेता येत नाही, एक-दोन फ्रेटांची छोटीच घ्यावी आणि पुन्हा छेडावं. आठवडाभर असं वाजवून गिटार हातात घेतली की मोठ्या मैदानात आल्यासारखं वाटतं.

युकुलेलेचा दुसरा गुण ठाणेकरांना वेगळा सांगायला नको. सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये तो वरच्या रॅकवर दोन डब्यांच्या मधे बसतो, गिटार बसत नाही. रात्री दहानंतर, सोसायटीच्या भिंती जितक्या पातळ तितका तो उपयोगी. ब्रिजपाशी ताराखाली पातळ रुमाल खोचला की शेजारच्या खोलीतसुद्धा जात नाही. रुमाल लावून सूर आणखी लवकर मरतो, तेव्हा सराव जागेचा करावा, मींडेचा नाही.

राहिला पावसाळा. लाकडी वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. खाडीच्या दोन्ही काठांवर जुलैत ती नव्वदीला टेकते. गिटारची वरची फळी फुगते, ब्रिज वर येतो, तारांची उंची आपोआप वाढते. स्लाइडवाल्याला हे आधी बरं वाटतं. पण ऑक्टोबरच्या उन्हात फळी पुन्हा बसते आणि जूनमध्ये केलेलं सेटिंग सगळं खोटं ठरतं. म्हणून उंचीची कानस-कारागिरी पावसात करू नये, दिवाळीनंतर करावी. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की कोरड्या कढईत मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत भाजावेत. ती कढई स्वयंपाकाला परत वापरू नये. नळीच्या आत घाम साचून ती बोटातून निसटते, त्यासाठी आतल्या बाजूला मायक्रोपोर टेपचा एक वेढा पुरतो. पोलादी तारांवर गंज आला की नळीखाली तो वाळूसारखा वाजतो, पहिल्या दोन तारांवर आधी. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने तारा वरून आणि खालून पुसाव्यात. खालून पुसायचं बहुतेकांचं राहतं.